दौंडची ओळ

दुपारी साडेबाराला डबा उघडून हर्षदानं भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि रोजच्यासारखं डाव्या हातानं ब्लॉगच्या वाचकांची नोंद ठेवणाऱ्या काउंटरचं पान उघडलं. मग तो तुकडा हातातच राहिला. ‘कोणते शब्द शोधून लोक आले’ या रकान्यात, ‘सासू सून गोष्टी’ आणि ‘मेंढीच्या दुधाचे फायदे’ यांच्या मध्ये, तिच्या सासूचं नाव होतं. ‘गिताबाई राहू कळपात असलं मेंढरू’. तिनं ते तीनदा वाचलं. तिच्या ब्लॉगवर गिताबाई हे नाव कुठंही नव्हतं, राहू हे गावही नव्हतं. तिथं फक्त ‘सासूबाई’ होत्या, ‘आमचं गाव’ होतं, आणि लिहिणारीचं नावसुद्धा खोटं होतं. कुणीतरी तिच्या एका गोष्टीतल्या तीन शब्दांना खरं नाव आणि खरं गाव जोडून, सापडतंय का बघू म्हणून शोधलं होतं. नाव-गाव सापडलं नाही तरी उरलेल्या शब्दांवरून यंत्रानं त्या माणसाला बरोबर तिच्या दारात आणून सोडलं होतं. पुढं बाकीचा तपशील होता. ठिकाण दौंड. वेळ अकरा दहा. पडदा लहान, जुन्या पद्धतीचा, म्हणजे एखाद्या सायबर कॅफेतला असणार. अकरा एकवीसला तेच पान पुन्हा उघडलेलं, आणि त्यानंतर काही नाही. पलीकडच्या टेबलावरून डिस्पॅचचे जुने क्लार्क पोपटराव म्हणाले, की बाई, भाकरी गार व्हायला लागली. तिनं हो म्हटलं आणि डबा झाकला.

ब्लॉग सुरू करून तिला दीड वर्ष झालं होतं. कारेगावातली दहा बाय बाराची खोली, नवऱ्याच्या पाळ्या, रांजणगावच्या कारखान्यातलं हे डिस्पॅचचं टेबल, आणि दुपारचा अर्धा तास उघडपणे वापरता येणारं इंटरनेट. सुरुवातीला ती सासरच्या मेंढरांबद्दल लिहायची. माहेर तिचं मांडवगण फराट्याचं, धनगरांचंच, पण वडिलांनी मेंढरं तिच्या जन्माआधीच विकलेली. त्यामुळं राहूला लग्न होऊन आल्यावर तिला सगळंच नवं होतं. लोकर कशी कातरतात, कोकराच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात आणि त्या जावळाचं घोंगडं कसं मऊ होतं, वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत मेंढरं शिरताना सासरे हरिबा तोंडाशी उभे राहून एकेक चेहरा कसा ओळखतात. नवी नवरी असताना तिनं एकदा बोट दाखवून मोठ्यानं मोजायला सुरुवात केली होती, एक, दोन, तीन, तेव्हा हरिबांनी तिचं बोट हातात धरून मिटवलं होतं. मोजायचं नसतं, वळखायचं असतं, एवढंच ते नंतर म्हणाले. याच्यावर तिनं दोन पानं लिहिली होती. सात जणांनी वाचली. त्यात दोनदा ती स्वतःच होती, मग तिनं काउंटरला सांगून ठेवलं की या मशीनवरच्या भेटी धरू नकोस, आणि वाचक पाच झाले.

पाच हा आकडा तिला लागला. त्याच महिन्यात कारखान्यात पुण्याहून एक साहेब आले होते, कामात सुधारणा कशी करायची ते शिकवायला. फळ्यावर त्यांनी आलेख काढला आणि बजावलं, की जे मोजाल तेच सुधारेल. बाकी सगळ्या गप्पा. लाइनवरच्या पोरांनी जांभया दिल्या, पण हर्षदानं ते वहीत उतरवून घेतलं, आणि त्या रात्रपाळ्यांच्या कारखान्यात तो धडा इमानेइतबारे पाळणारं माणूस बहुधा एकटी तीच निघाली. तिनं काउंटरचे आकडे तक्त्यात मांडले. लोकरीवर पाच, ज्वारीच्या हुरड्यावर एकोणीस, आणि सहज लिहिलेल्या ‘सासूबाईंचा पहिला चहा’ला एकशे बत्तीस. दुपारी टाकलं की कमी, सकाळी दहाला टाकलं की जास्त, कारण लोक ऑफिसात पोचून आधी तेच करतात. नावात भांडण असलं की दुप्पट. चार पडद्यांपेक्षा लांब गेलं की माणसं मध्येच उठून जातात. तिनं सगळं दुरुस्त केलं. मेंढरं कमी केली, सासू वाढवली. आकडे चढायला लागले तेव्हा तिला झालेला आनंद खरा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या बोलण्यानं कुणीतरी थांबत होतं. ब्लॉगवरच्या सासूबाई मात्र राहूच्या गिताबाईंपेक्षा हळूहळू उंच आणि आवाजाला कडक होत गेल्या, आणि तो फरक कुठल्याच रकान्यात येत नव्हता.

आणि मग ती गोष्ट. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं, राहूला, सासरीच. बाहेरच्या पडवीत बायका बसलेल्या, धुरपदाकाकू, शेजारच्या बयाबाई, दाराशी नणंद अंकिता, आणि आतल्या खाटेवर हर्षदा भिंतीकडं तोंड करून. तेव्हा गिताबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, कळपात असलं मेंढरू आमी ठेवत न्हाई. भिंतीवर शेणाच्या सारवणात बोटांचे अर्धगोल उठलेले होते. ते वाक्य ऐकताना ती त्यातला एक अर्धगोल बघत होती, आणि अजूनही कधी सारवलेली भिंत दिसली की तिची नजर आधी तसा अर्धगोल शोधते. हे तिनं लिहिलं. ते सगळं लिहून झाल्यावर आठ पडदे झाले होते, कारण त्यात पुढचंही होतं. तिनं तक्त्याकडं बघितलं आणि चार पडद्यांवर, बरोबर त्या वाक्यावर, गोष्ट तोडली. नावही तेच दिलं, ‘कळपात असलं मेंढरू’. उरलेली चार पानं कच्च्या मसुद्यात ठेवून दिली, नंतर बघू म्हणून. गोष्ट अकराशे चाळीस जणांनी वाचली. कुणीतरी ती ईमेलमधून पुढं पाठवली, मग ती कुठं कुठं गेली याचा पत्ता नाही. ‘असल्या बायकांना घराबाहेर काढलं पाहिजे’, असं एकानं खाली लिहिलं. एक्क्याऐंशी प्रतिक्रिया आल्या, आणि हर्षदानं त्या सगळ्यांचे आभार मानले.

दौंडची ओळ दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं जेवणाच्या सुट्टीची वाट बघितली नाही. अकरा वाजल्यापासूनच एका कोपऱ्यात काउंटर उघडा ठेवून ती चलनांवर शिक्के मारत बसली. अकरा बारा, दौंड. तेच पान. अकरा सव्वीसला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी अकरा नऊ ते अकरा अठ्ठावीस. चौथ्या दिवशी तेवीस मिनिटं. सवड मिळेल तसं तिनं स्वतः गोष्ट मनात वाचून घड्याळ लावून बघितलं, कितीही सावकाश वाचलं तरी चार मिनिटांत संपत होती. मग हे माणूस उरलेला वेळ काय करतं? कागदावर उतरवून घेतं? कुणाला दाखवतं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला सगळीकडं उजेड दिसायला लागला. नवरा शंभू पहिल्या पाळीहून आल्यावर मोबाइल उशाशी न ठेवता खिशातच ठेवतो, असं तिच्या लक्षात आलं. तो आधीपासून तसंच करत होता हे तिला चार दिवसांनी आठवलं. कंपनीच्या गाडीत शेजारी बसणारी मुलगी गप्प होती तर तिला वाटलं, हिनं वाचलंय. गोष्ट काढून टाकणं एका बटणाचं काम होतं. रोज ती त्या बटणापर्यंत जायची आणि परत यायची. काढली तर त्या दौंडच्या माणसाला कळेल की बाई घाबरली, असं ती स्वतःला सांगायची. खरं कारण ती मनातसुद्धा पुरतं म्हणत नव्हती. त्या एका पानावर सगळा ब्लॉग उभा होता.

सहाव्या दिवशी, भात वाढता वाढता, शंभूनं सहज सांगितलं की आई आठवडाभर दौंडला आहे, अंकिताच्या खोलीवर. पायात बाभळीचा काटा मोडला, तो चिघळला, आता रोज साडेदहाला डॉक्टर पट्टी बदलतात, अजून चारपाच दिवस लागतील. अंकिता दौंडला कॉलेजात होती, तिचे तास बाराला सुरू व्हायचे. शंभू बोलत राहिला. उसाला पाणी, आबांच्या, म्हणजे हरिबांच्या, गुडघ्याचं दुखणं. हर्षदाच्या हातातली पळी पातेल्यातच राहिली. साडेदहाला पट्टी. अकरा दहा. गिताबाईंना अक्षर येत नव्हतं. गोष्ट त्या बघत नव्हत्या, ऐकत होत्या. ज्या अंकितानं दाराशी उभं राहून ते वाक्य ऐकलं होतं, तीच आता पोरापोरींनी भरलेल्या कॅफेत, लाकडी खोक्यात, आईच्या कानाशी लागून ते वाक्य आईला वाचून दाखवत होती. रोज. आणि त्याखालच्या एक्क्याऐंशी प्रतिक्रिया? त्याही वाचल्या असतील? ‘घराबाहेर काढलं पाहिजे’ हे लेकीनं आईला कुठल्या आवाजात वाचून दाखवलं असेल? शंभूनं विचारलं, की काय झालं. भात लागला म्हणून ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. दिवसा ती आकड्यांकडं बघायची आणि बघता बघता मनानं बाभळीकडं जायची. ती बाभळ गोष्टीतून तोडलेल्या चार पानांत होती. मूल गेल्यावर तिसऱ्या दिवशी, बायका पांगल्यावर, गिताबाईंनी तिला उठवलं आणि हाताला धरून नदीकडच्या बांधावर नेलं होतं. हर्षदाला वाटलं होतं की आता माहेरी पाठवतायत. बांधावरच्या बाभळीखाली तीन दगड होते, शेंदूर न लावलेले, कुणी बघितलं तर नुसते दगडच. हे माजं तीन, गिताबाई म्हणाल्या होत्या. शंभूच्या आधीचे. हरिबा तेव्हा मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरलेले, त्यांना एकाचीच खबर, बाकी दोन गिताबाईंनी एकटीनं पुरले. आणि पडवीत परवा तोंडातून जे निघालं ते तुला न्हवतं, माज्या सासूनं मला म्हनलं व्हतं, तिसऱ्या टायमाला, त्येच आत ऱ्हाऊन ऱ्हाऊन भायेर पडलं. माफ कर असं त्या म्हणाल्या नाहीत. पदराखालून त्यांनी हातभर रुंदीचं घोंगडं काढलं, पहिल्या मुलासाठी जावळाच्या लोकरीचं विणून घेतलेलं, तीसेक वर्षं जपलेलं, आणि ते हर्षदाच्या पोटाला गुंडाळून वरून पदर खोचला. ऊब लागली तसं हर्षदाला मोठ्यानं रडू आलं होतं. हे कुनाला म्हाईत न्हाई, त्या म्हणाल्या होत्या, आता तुला म्हाईत हाय.

ही चार पानं मसुद्यात होती. एक बटण दाबलं की ती गोष्टीला जोडली गेली असती, आणि उद्या अकरा दहाला अंकितानं ती वाचली असती. पण तसं केलं तर गिताबाईंचे तीन दगड जगापुढं मांडले जाणार. आणि नाही केलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती म्हणायची आणि मग तिला हसू यायचं, कारण मूठ तिनंच उघडली होती, फक्त अर्धी, आणि नेमकी वाईट अर्धी. शिवाय, तिला हेही दिसत होतं आणि दिसलं म्हणून स्वतःची शिसारी येत होती, की आठ पडदे झाले असते तर लोक मध्येच उठून गेले असते. आठव्या दिवशी एकतीस मिनिटं. नवव्या दिवशीही तेवढीच. दहाव्या दिवशी पान सहा वेळा उघडलं गेलं होतं, पाच-पाच मिनिटांनी.

अकराव्या दिवशी दौंडहून कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला दारात गिताबाई उभ्या होत्या, एकट्या, पायाला पट्टी आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. दौंडहून न्हावऱ्यापर्यंत एस.टी.नं आणि पुढं प्रवासी कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं त्या वाकडी वाट करून आल्या होत्या. शंभू पहिल्या पाळीला गेलेला. हर्षदानं पाणी दिलं, पाय ठेवायला उशी दिली, चहा टाकला. धनगरांत सुना सासूला आत्या म्हणतात तसं ती आत्या, आत्या करत खोलीभर फिरत राहिली, आणि गिताबाई उसाचं, शेळी व्याल्याचं, एस.टी.च्या गर्दीचं बोलत राहिल्या. चहा पिऊन त्यांनी बशी खाली ठेवली.

“अंकीनं वाचून दावलं,” त्या म्हणाल्या. “तिला मैत्रिणीकडनं आलं व्हतं त्ये. माजं नाव कुटं लिवलंय का बगाया गेली ती.”

हर्षदा स्टोव्हसमोर बसली होती, ती तिथंच राहिली. काही तरी बोलावं म्हणून तिनं, की नाव मी घातलं नव्हतं, असं म्हटलं, आणि म्हणताना ते किती फोल आहे हे तिलाच कळलं.

“नावाचं काय न्हाई. मी बोलले व्हते, त्ये खरं हाय. लोकांनी शिव्या दिल्या त्याबी ऐकल्या.” गिताबाईंचा आवाज चढला नव्हता. “पयल्या दिशी जीव उडाला माजा. म्हनलं, आता पुढं बाभळीचं येनार. अंकीम्होरं येनार. तिला म्हनलं, बग पुढं. ती म्हनली, आये, संपलं. तवा बरं वाटलं. मंग खोलीवर जाऊन पडले आन् वाटलं, संपलं कसं?”

बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू झाली आणि गेली.

“दुसऱ्या दिशी पुन्यांदा गेले. पट्टी झाली की तिथंच. अंकीला म्हनायची, परत दाब, आलं का बग. येतच न्हवतं. ती म्हनली, आये, कशाची वाट बगती तू? म्हून मंग मीच सांगितलं तिला. त्या मशिनीम्होरं बसून, रोज थोडं थोडं. दगडांचं, समदं. ल्योक म्हनू नगं, नवरा म्हनू नगं, तुज्याबिगर कुनाला समदं सांगितलं न्हवतं मी.”

म्हणजे ती मिनिटं. चौदा, तेवीस, एकतीस. हर्षदानं तक्त्यात लिहून ठेवलेली, ज्यांची तिला इतके दिवस धास्ती वाटत होती, ती सगळी मिनिटं गिताबाई बोलत होत्या. तिनं जिथं कात्री लावली होती तिथून पुढं, त्याच पडद्यासमोर. तिला उठून त्यांच्या पायांशी जावंसं वाटलं आणि पट्टीच्या पायाला हात कसा लावायचा ते कळेना. ती भराभर बोलायला लागली. पुढचं लिहिलेलं आहे आत्या, तेव्हाच लिहिलंय, खोटं नाही सांगत, फक्त लांब झालं होतं म्हणून ठेवलं होतं. उद्या टाकते. उद्या सकाळीच.

“लांब झालं व्हतं,” गिताबाई म्हणाल्या. त्यांनी ते शब्द असे म्हटले, जशी बाजारात एखादी वस्तू उलटी करून बघावी आणि परत ठेवून द्यावी. “नगं. आता मी आले म्हून लिवशील. धा दिस वाट बगितली, तवा का न्हाई?”

 हर्षदाकडं जे उत्तर होतं ते आकड्यांचं होतं.

“त्ये घोंगडं कुटं हाय?”

पेटीत होतं. कडुनिंबाच्या पाल्यात, लग्नाच्या शालूखाली. हर्षदानं ते काढलं आणि कशासाठी ते न कळून दोन्ही हातांवर पुढं धरलं. गिताबाईंनी झटकून पाला पाडला, चार घड्या केल्या आणि पिशवीत घातलं.

“अंकीकडं ऱ्हाऊ दे आता,” त्या म्हणाल्या. “तिला पुरं म्हाईत हाय.”

निघताना त्यांनी कमरेची पिशवी काढली आणि दर खेपेला लावतात तसा भंडारा तिच्या कपाळाला लावला, थोडा केसांतही टाकला. शंभूला म्हणावं, काळजी करू नको, पाय बरा आहे. अन् तूबी येळेवर जेवत जा, लई वाळलीस. जीपपर्यंत हर्षदा त्यांची पिशवी घेऊन गेली. पिशवी हलकी होती. जीप सुटल्यावर तिला वाटलं होतं त्या मागं बघतील, त्यांनी बघितलंही, आणि हात केला, जसा कुणालाही करतात.

सोमवारी अकरा वाजता तिनं काउंटर उघडला. बंगळुरूहून तीन, मुंबईहून बावीस, कुठून कुठून मिळून दुपारपर्यंत सत्तावन्न. दवाखान्याच्या खेपा संपल्या होत्या, दौंडहून कुणी येणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी अकरा दहाला तिनं पान पुन्हा उघडलं आणि पाच मिनिटांनी परत उघडलं. मग तिनं मसुद्यातली चार पानं काढली. पोपटराव गोदामात गेले होते. पडवीतल्या बायकांपासून सुरुवात करून तिनं सगळी गोष्ट ओठांतल्या ओठांत, पण आवाज काढून, पहिल्यांदाच सलग वाचली. बाभळीपाशी आल्यावर ती घोटभर पाणी प्याली आणि शेवटपर्यंत गेली. दगड आले, घोंगडं आलं. पोटावर तिचा हात आपोआप गेला तेव्हा तिथं नुसती साडी होती. वाचून झाल्यावर तिनं सवयीनं घड्याळ बघितलं, आणि सवयीनंच काउंटरकडं. दौंडची ओळ नव्हती. तिच्या स्वतःच्या वाचण्याची नोंदही नव्हती. तशी व्यवस्था तिनंच फार पूर्वी करून ठेवली होती.